चिठ्ठीत काय लिहावे?

अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवणानंतर ‘फॉर्च्युन कुकी’ देतात. घडी घातलेले पोकळ बिस्कीट. फोडले की आतून भविष्याची चिठ्ठी निघते. ओळख चिनी असली, तरी मूळ जपानी. क्योतोकडे तीळ आणि मिसो घालून अशी बिस्किटे भाजत. १८७८ च्या एका जपानी पुस्तकात तसे चित्र आहे. स्थलांतरित जपान्यांनी ती कॅलिफोर्नियात नेली. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबायला सुरुवात केली. ही संख्या सुमारे १,२०,००० वर गेली. त्यांच्या बेकऱ्या बंद पडल्या आणि धंदा चिनी कारागिरांकडे गेला. हात बदलले, ओळखही बदलली.

आमच्या ईदच्या नानखटाईचेही असेच. नान म्हणजे रोटी. ‘खताई’चा संबंध अनेक जण चीनच्या जुन्या फारसी नावाशी जोडतात. पण भिवंडीत तिला परकी कोण म्हणेल?

म्हणून मुलांनी मोबाईलवर पाहून ही बिस्किटे मागितली, तेव्हा आम्ही तिघी जावांनी आढेवेढे घेतले नाहीत. दोन अंड्यांचे पांढरे, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी मैदा, थोडे तेल, वेलची. पातळ पीठ पुरीएवढे गोल पसरायचे आणि कडा तांबूस होईपर्यंत भाजायचे. पुढचा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. गरम असतानाच मधोमध चिठ्ठी ठेवून दुमडायचे, कपाच्या काठावर वाकवायचे, वाटीत थंड होऊ द्यायचे. गार झाले की वळत नाही, तुटते. म्हणून एका वेळी दोनच भाजायची.

खरा पेच चिठ्ठ्यांचा. मुलांनी ‘धनलाभ होईल’, ‘परदेशी जाल’ असे लिहून आणले. सासूबाई म्हणाल्या, “गैबचं अल्लाहला ठाऊक. तुम्ही कोण सांगणार?” मग दुआ लिहाव्यात असे निघाले, पण चुऱ्याबरोबर कागद पायाखाली येईल, म्हणून तेही राहिले.

थोरला पुतण्या आमच्या पूर्णा गावातल्याच एका गोदामात कंत्राटावर आहे. दर काही महिन्यांनी त्याचा जीव टांगणीला. तो हसत म्हणाला, “चाची, ‘पर्मनंट होशील’ एवढं लिहा ना.” आम्ही लिहिले नाही. त्याच्यासाठी दुआ रोज करतो. पण कागदावरचा खोटा दिलासा फार महाग पडतो.

शेवटी ठरले, उद्याचे लिहायचे नाही. घरातल्या मोठ्यांचे बोल लिहायचे. ‘पाहुण्याला जेवणार का, असं विचारू नये.’ ‘उधारीचं कापड अंगाला टोचतं.’ आणि माग भंगारात विकले त्या दिवशी सासरे म्हणाले होते ते, ‘माग बंद पडतो, हात बंद पडत नाहीत.’ पेन्सिलने, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. कारण घरातली मुले दोन्ही शाळांत जातात आणि हे बोल कुठल्याच पुस्तकात नाहीत.

ईदला सगळ्यांनी बिस्किटे फोडली. सासऱ्यांचा बोल पुतण्याच्याच वाट्याला आला. त्याने चिठ्ठी पाकिटात ठेवली. सासूबाईंना वाचता येत नाही. नातीने त्यांचीच ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “हे मी कधी म्हटलं?”

आणि कधी, कोणाला, कशावरून म्हटले होते, ते आठवण्यात आमची दुपार गेली.