भिलाईतली न झालेली फाशी

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की गोंदियापर्यंत डब्यात मराठी कानावर पडत राहते. डोंगरगडला बम्लेश्वरीचे भक्त उतरतात, राजनांदगाव मागे पडतं, शिवनाथ नदी ओलांडून गाडी दुर्गला थांबते आणि त्यानंतर येतं भिलाई पॉवर हाऊस. १ जुलै १९९२ रोजी या स्टेशनात रुळांवर ठाण मांडून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. १६ कामगार ठार झाले. एक पोलीस अधिकारीही त्या दिवशी मारला गेला. नऊ महिन्यांपूर्वी ज्या माणसाचा खून झाला होता, त्याच्याच मागण्या घेऊन ही माणसं रुळांवर आली होती. मी इथे आलो ते त्या माणसाच्या खटल्यासाठी. शंकर गुहा नियोगी हे त्याचं नाव.

भिलाई हे नेहरूंच्या काळाचं गाव. सोव्हिएत संघाशी १९५५च्या फेब्रुवारीत करार झाला आणि १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टरांना आकडे, रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. पोलाद कारखान्यातल्या कायम कामगाराला घर मिळालं, दवाखाना मिळाला, मुलांना शाळा मिळाली. त्या कारखान्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खासगी कारखान्यांत मात्र ठेकेदारी. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची शाश्वती नाही, आज आहे तर उद्या नाही. एकाच गावातली ही दोन गावं आजही पायी फिरताना वेगळी ओळखू येतात.

नियोगी बंगालचे. तरुणपणी भिलाईत आले, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये काम केलं, कामगारांच्या लढ्यात नोकरी गमावली. मग दाणीटोलाच्या खाणीत मजुरी, तिथल्याच आशाबाईंशी लग्न, आणीबाणीत तुरुंग. १९७७ साली दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणींत त्यांनी ठेका मजुरांची संघटना बांधली. १९९० साली ते भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांकडे परतले. कामगारांनी मागितलं ते जगण्यापुरतं वेतन, कायम नोकरी आणि संघटना करण्याचा हक्क. शेकडो जणांना कामावरून काढलं गेलं. १९९१च्या सप्टेंबरात नियोगी कामगारांसह दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींना भेटून आले. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी डायरीत लिहून ठेवलं होतं, ध्वनिफितीतही बोलून ठेवलं होतं.

हुडको वसाहत साधी आहे. ओळीने मध्यमवर्गीय घरं, तुळस, दाराशी स्कूटर. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे इथल्या एका घरात ते झोपले असताना उघड्या खिडकीतून गावठी पिस्तुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय ४८. मी वसाहतीच्या रस्त्यावरून दोनदा फिरलो, घर शोधलं नाही. तिथे आता कोणाचा तरी संसार असेल, त्यांच्या खिडकीत डोकावण्याचा मला अधिकार नव्हता.

तपास सीबीआयकडे गेला. तिचं म्हणणं असं, की गोळ्या पलटन मल्लाहने झाडल्या आणि त्यामागे उद्योगपतींचा कट होता. १९९७च्या जूनमध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने पलटनला फाशी सुनावली आणि दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेप. वर्षभरातच, १९९८च्या जूनमध्ये, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, पलटनलाही. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पलटनला पुन्हा दोषी धरलं, पण शिक्षा दिली जन्मठेपेची. बाकीच्यांची सुटका कायम राहिली, कारण कट सिद्ध झाला नाही. ती डायरी आणि ती ध्वनिफीत कटाच्या पुराव्याला पुरी पडली नाही.

या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ पाहत राहिलो. आधी फाशी, मग निर्दोष, मग जन्मठेप. माणूस तोच, पुरावाही जवळजवळ तोच. नियोगींच्या खुनाने ज्यांचा आधार गेला, त्यांना न्याय हवा होता आणि तो त्यांचा हक्क होता. पण दोर गेला तो फक्त पिस्तूल धरणाऱ्या हाताकडे. कोणाच्या सांगण्यावरून, या प्रश्नाला कायद्याच्या दप्तरात उत्तर नाही. पलटन फासावर गेला असता तर ‘खुन्याला शासन झालं’ म्हणून प्रकरण मिटलं असतं, आणि कधीकाळी काही सांगू शकेल असं एक तोंड कायमचं बंद झालं असतं.

भिलाईहून दल्ली राजहरा ऐंशी-नव्वद किलोमीटर. भिलाईच्या भट्ट्यांना लोखंडाचा दगड इथून जातो. धुळीने झाडंसुद्धा तांबडी. १९७७च्या जूनमध्ये इथे झालेल्या गोळीबारात ११ जण मेले, त्यांत अनसूयाबाई होत्या आणि सुदामा हा लहान मुलगाही होता. १९७९ साली संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने गेल्या. सूड घ्यायला कारणं कमी नव्हती. या मजुरांनी वर्गणी काढली, स्वतः विटा वाहिल्या आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय उघडलं. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर इथे राबले. मी गेलो तेव्हा ओपीडीत गर्दी होती आणि बायका पोरं कडेवर घेऊन नंबराची वाट पाहत होत्या. मारल्या गेलेल्यांची आठवण अशीही राखता येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं इथे.

एवढ्यावर फाशीचा प्रश्न सुटत नाही, हे भिलाईच मला सांगत होती. याच शहरातल्या रुआबांध्यात २०१० साली एका तांत्रिक दांपत्याने दोन वर्षांच्या बाळाचा नरबळी दिला. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांची फाशी कायम केली. १९८०च्या बच्चन सिंग निकालाने घालून दिलेली ‘दुर्मिळातली दुर्मिळ’ ही कसोटी इथे लागू पडते, असं न्यायालयाचं मत पडलं. त्या बाळाच्या आईसमोर उभं राहून फाशीविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही. पुण्यात जोशी-अभ्यंकर कुटुंबांची हत्याकांडं झाली तेव्हा शहर संध्याकाळी दारं लावून बसत होतं. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली, तेव्हा सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांना मी निर्दय म्हणणार नाही.

तरीही मी फाशीच्या विरोधात आहे, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातलंच आहे. भटक्या जमातींतल्या सहा जणांना एका खटल्यात फाशी झाली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. २०१९च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. १६ वर्षं ते तुरुंगात होते. दोन निकालांमधल्या त्या दहा वर्षांत कधीही पहाटे खटका ओढला गेला असता तर? गरिबाला चांगला वकील मिळत नाही आणि चुकीचा पुरावा त्याच्याच माथी बसतो. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत देहदंडच रद्द करावा, असं मत मांडलं होतं. विधी आयोगाने २०१५ साली दहशतवादाचे गुन्हे वगळून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. शिफारस कागदावरच आहे.

परतताना रायपूरच्या जयस्तंभ चौकात थांबलो. नागपूरचं राज्य १८५४ साली खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. त्यानंतर दोन वर्षांनी दुष्काळ पडला आणि सोनाखानचा जमीनदार नारायण सिंह याने एका व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून उपाशी लोकांना वाटलं. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्याला रायपुरात फाशी दिली, इथेच दिली असं सांगतात. पुढे त्याचं नाव मागे पडत गेलं. ते लोकांत पुन्हा आणणाऱ्यांत नियोगी आणि त्यांचे खाणमजूर आघाडीवर होते; दरवर्षी डिसेंबरात ते त्याचा शहीददिन पाळू लागले. आज नव्या रायपुरात त्याच्या नावाचं क्रिकेटचं मोठं स्टेडियम आहे. सरकार त्याला वीर म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. पण १८५७च्या सरकारच्या लेखी तो गुन्हेगार होता, आणि तो निकाल चुकीचा होता हे कळेपर्यंत तो उरला नव्हता. पलटन मल्लाहबद्दल न्यायालयांना आपलं उत्तर दोनदा बदलता आलं, कारण मधल्या काळात त्याला कोणी फासावर चढवलं नव्हतं.