राहुरीच्या वाटेवर लक्ष्मीबाई

माझं घर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणि नोकरी राहुरीच्या एका बँकेत. पाण्याचा दिवस असला की आमची सकाळ आणखी लवकर सुरू होते. टाकी भरायची, लेकीचा डबा करायचा, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि धावतपळत तारकपूर स्थानक गाठायचं. नळाला येतं ते पाणी मुळा धरणाचं, राहुरी तालुक्यातलं. पाणी तिकडून इकडे येतं आणि मी इकडून तिकडे जाते.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं. तेव्हापासून गाडीत शिक्षिका, नर्सबाई, भाजीच्या पाट्या घेतलेल्या मावश्या अशी भरपूर सोबत असते. बसायला जागा मिळाली की मी पिशवीतून पुस्तक काढते. विळद, देहरे, वांबोरी फाटा मागे पडत जातात. गचक्यांनी ओळी हलतात, पण तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही. घरी नि बँकेत असा वेळ मिळत नाही.

सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचते आहे. त्यांचा जन्म 1868चा. या पुस्तकाचा पहिला भाग आला 1934 साली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना अक्षरं शिकवली ती त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांनी. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि संसाराची ताटातूट झाली. काही वर्षांनी लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नगरला आल्या, पुढे राहुरीला राहिल्या. सोवळंओवळं एका दिवसात सुटलं नाही, मनाशी झगडत झगडत गळत गेलं. टिळकांचा हात देता, त्यामुळे पैसा घरात टिकायचा नाही. त्यात परक्यांची मुलंही याच घरात वाढली. हे सगळं बाईंनी शेजारणीशी बोलावं तसं लिहिलंय. आपण रोज जातो त्याच मुलखात हे घडलं, हे कळल्यापासून राहुरी मला नुसतं नोकरीचं गाव राहिलेलं नाही.

एकदा शेजारच्या मावशींनी विचारलं, “बाई, कशाचं पुस्तक हाये?” मी म्हटलं, “राहुरीला राहिलेल्या एका बाईंनी आपल्या संसाराची हकिगत लिहिलीय.” मावशींनी पाटी पायांशी सरकवली आणि म्हणाल्या, “मंग मला बी सांगा की.” वाटेतल्या विद्यापीठाचं गेट येईपर्यंत मी सांगत होते. मागच्या सीटवरची कॉलेजची मुलगीही पुढे वाकून ऐकत होती.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही नेवाशाला गेलो. ज्ञानेश्वरांनी शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून ते बसत असं मानतात, तो पैस खांब देवळात आहे. लेक त्याच्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे त्यांनी लिहिली नाही?” मी सांगितलं, “त्यांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली.” तिचा लगेच पुढचा प्रश्न, “मग तू बसमध्ये वाचतेस ते मला का नाही सांगत?”

त्या संध्याकाळपासून भाकरी थापताना मी तिला लक्ष्मीबाई सांगायला लागले. पीठ मळताना आदल्या दिवसाचा धागा पकडायचा, पहिली भाकरी तव्यावर पडली की पुढचं सांगायचं. दत्तूच्या वाटेला आलेली ताटातूट ऐकून ती मधेच विचारते, “त्याला वडील आठवत असतील?” आम्ही दोघी त्यावर बोलतो. सासूबाई ताटं मांडता मांडता आपल्या सासुरवासाची आठवण काढतात. गृहपाठ झाला का, दप्तर भरलं का, एवढ्यावरच संपणाऱ्या आमच्या बोलण्यात आता माणसं आली आहेत, त्यांचे पेच आले आहेत.

वाचन म्हणजे मोकळ्या माणसाची हौस, असं माझ्या कितीतरी मैत्रिणी म्हणतात. मला ते पटत नाही. नोकरी करणाऱ्या आईच्या हाती मुलांसाठी वेळ थोडाच उरतो. त्या वेळात त्यांना द्यायला आपल्याजवळ सूचनांखेरीज काही असावं, एवढ्यासाठी तरी तिने वाचायला हवं. मग ते उभ्याने, गर्दीत, दिवसाला चार पानं का होईना.