चार दिवसांत दिलेला गोलरक्षक

आज जरा लांबचं सांगतो. विषय मात्र आपल्या ओळखीचा आहे.

२ डिसेंबर १९९५. कॅनडातलं माँट्रियल. आइस हॉकीत घरच्या कॅनेडियन्स संघाला डेट्रॉइटने ११-१ असं धुतलं. गोलवर पॅट्रिक रुआ. १९८६ आणि १९९३ चा स्टॅनली कप ज्याच्या जोरावर आला, तोच! नऊ गोल बसेपर्यंत कोच मारिओ त्रांब्ले यांनी त्याला बाहेर घेतलं नाही. एक सोपा फटका अडवला, तर घरच्याच प्रेक्षकांनी खिजवायला टाळ्या वाजवल्या. बाहेर येताच रुआ थेट क्लबच्या अध्यक्षांकडे गेला आणि सांगून टाकलं, हा माझा इथला शेवटचा सामना.

६ डिसेंबरला सौदा पक्का. रुआ आणि कर्णधार माइक कीन कोलोरॅडोला, बदल्यात तीन खेळाडू. त्याच हंगामात कोलोरॅडोने कप उचलला, २००१ ला पुन्हा. माँट्रियलला पुढची तीस वर्षं एकही नाही.

रुआ तापट होता, मान्य. पण समजूत काढायला महिनाभर थांबलं असतं तर? चिडलेला माणूस द्यायचाय हे सगळ्यांना कळलं, की भाव पडतोच.

पालिका, पतसंस्था, शाळा, सगळीकडे बातमीदारी करताना मी हेच बघतो. कामाचा माणूस एका भांडणात जातो आणि खुर्चीवरचे म्हणतात, ‘शिस्त महत्त्वाची.’

२००८ मध्ये माँट्रियलने रुआची ३३ नंबरची जर्सी सन्मानाने छताला टांगली. टाळ्या खऱ्या होत्या. कप तेवढा नव्हता.

तुमच्या गावात असा कोण गेला? कमेंटमध्ये सांगा, नाव न घेता.