त्या जागेवर जो असेल त्याला

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे काय काय झालं ते घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना या लेखात कळेलच. विषय मात्र पोकेमॉनचा आहे. हसू नका. चाळिशी उलटलेल्या बाईने पोकेमॉनवर लिहू नये असा काही नियम नाही :)

मला हा नाद लावला आमच्या चिरंजीवांनी. मे २०२३ ची सुट्टी. आई तेव्हा सांगलीच्या घरी अंथरुणावर होती, आदल्या नोव्हेंबरात तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. मी तिथे, म्हणून सुट्टीत चिरंजीवही तिथे. आजीच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून हा दिवसभर 'स्कार्लेट' खेळत बसायचा आणि ती उजव्या कुशीवरून त्याच्या पडद्याकडे बघत राहायची. त्यात एक गुलाबी मासा आहे, बदामाच्या आकाराचा, तो दिसला की ती हमखास बोट दाखवायची. बोलणं स्पष्ट येत नव्हतं, पण 'मासा' एवढं समजायचं.

त्या माशाचं नाव अलोमोमोला. हे एकदा घडाघडा म्हणून बघा. मला जमायला दोन दिवस लागले.

ज्यांच्या घरी हे प्रकरण शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोघे खेळाडू, दोघांकडे आपापले काही पोकेमॉन. मैदानात साधारणपणे एकेकच उभा. प्रत्येक फेरीत तुम्ही एक गोष्ट करू शकता: वार करा, बचाव करा, नाहीतर उभा आहे त्याला परत बोलावून दुसरा पाठवा. बदलण्यातही तुमची फेरी खर्च होते आणि नव्या आलेल्याला आल्या आल्या फटका बसतो. प्रत्येकाचा जीव एचपी नावाच्या आकड्यात मोजतात. तो शून्य झाला की गडी बाद.

आता गेलेला जीव भरून काढायच्या चाली. सगळ्यात सरळ म्हणजे रिकव्हर. चाल खेळली की त्याच क्षणी निम्मा जीव परत, विषय संपला. (१९९६ च्या पहिल्या खेळात तिच्यात एक गमतीशीर चूक होती. तुमचा जीव बरोब्बर २५५ ने किंवा ५११ ने कमी असेल तर रिकव्हर चालायचीच नाही. २५४ ला चालणार, २५६ ला चालणार. सरकारी फॉर्मसारखं.) ही चाल फार सोयीची आहे हे बनवणाऱ्यांच्याही लक्षात आलं असावं. आधी ती एका लढाईत २० वेळा वापरता यायची, मग १० वेळा, आणि २०२२ च्या खेळापासून फक्त ५. दुसरी चाल रेस्ट. तिच्यात सगळाच्या सगळा जीव परत येतो, पण पुढच्या दोन फेऱ्या गाढ झोप. कुणीही येऊन मारून जावं.

आणि तिसरी विश. ही २००२ साली 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांत आली. या फेरीत मागणं मागायचं, फळणार मात्र पुढच्या फेरीच्या शेवटी. मधल्या काळात समोरचा तुम्हाला बडवतच असतो. मी म्हटलं, "अरे, रिकव्हर असताना ही बावळट चाल कोण शिकेल?"

चिरंजीवांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी त्याच्या गणिताच्या वहीकडे टाकते.

"आई, रिकव्हर फक्त स्वतःला. विश त्या *जागेला*."

म्हणजे असं. मागणं फळायची वेळ येते तेव्हा मागणारा तिथे असलाच पाहिजे असं नाही. त्या जागेवर तेव्हा जो कुणी उभा असेल त्याचा जीव भरतो. तुम्ही मागून घ्या, पुढच्या फेरीला स्वतः बाजूला व्हा आणि घायाळ झालेल्या दुसऱ्याला तिथे आणा. तो आल्या आल्या एक फटका खाईल, पण त्यातून तगला तर फेरी संपताना त्याला मिळेल. स्वतःलाच हवं असेल तर प्रोटेक्ट खेळून ती एक फेरी ढालीमागे काढायची. आणि समजा मागणं मागितलं आणि त्याच फेरीत मागणारा गारद झाला, तरी ते मागणं मरत नाही. त्याच्या जागी जो येतो त्याला पुढच्या फेरीच्या शेवटी ते पोचतं. ऐन फळायच्या क्षणी ती जागा रिकामी असली तर मात्र ते फुकट जातं.

जपानीत या चालीचं नाव 'नेगाइगोतो', म्हणजे मनातलं मागणं, इच्छा. तिकडे ७ जुलैला तानाबाता नावाचा सण असतो. कागदाच्या लांब पट्ट्यांवर आपल्या इच्छा लिहून त्या बांबूच्या फांद्यांना बांधतात. जिराची नावाचा एक पोकेमॉन त्यावरच बेतलेला आहे. त्याच्या डोक्यावर तशाच तीन पट्ट्या लोंबत असतात, हजार वर्षांत तो सातच दिवस जागा होतो आणि पट्ट्यांवर लिहिलेलं खरं करतो म्हणे. विश ही त्याचीच चाल असं म्हटलं तरी चालेल. पण आमच्या घरात मान माशाचा.

असो. आता सांगलीकडे वळते.

दादा मस्कतला. त्यामुळे आईचं करायला आम्ही दोघीच, मी पुण्याहून आणि वहिनी कोल्हापूरहून. एक आठवडा तिचा, एक माझा. मला घरून काम करायची मुभा होती, तिच्या घरी शिकवण्या होत्या. आईला पुण्यालाही यायचं नव्हतं आणि कोल्हापूरलाही जायचं नव्हतं. रविवारी सकाळी अदलाबदल. मी पहाटे निघून पाच तास गाडी चालवत अकराच्या सुमारास पोचायचे, तर वहिनी पिशवी भरून तयार. मी दारात आणि ती चपलेत. चहालासुद्धा थांबायची नाही. दोन मिनिटं उभ्या उभ्या बोलणं, त्यातही "रात्रीची गोळी विसरू नकोस हं" असा एक टोला, की निघाली स्टँडवर.

मला ते फार लागायचं. विसरले होते मी एकदा, एकदाच. मनात हिशेब मांडायला वेळ लागत नाही. मी लेक, मला करणं भाग आहे. ही सून, ही सुटका झाल्यासारखी पळते. नवऱ्यापाशी बोलले, मावशीपाशी बोलले, आणि आता कबूल करायला हरकत नाही, एका मैत्रिणीला तर वहिनीची नक्कल करून दाखवली होती. पिशवी कशी उचलते, चप्पल कशी सरकवते, सगळं.

दीड वर्ष असं गेलं. आई २०२४ च्या पावसाळ्यात गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरत होते. कामाच्या मावशी भांडी पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार फार झाले. मी रविवारी यायचे तेव्हा घर कसं लावलेलं असायचं. दळण आणलेलं, चादरी धुतलेल्या, गोळ्यांच्या डबीत अख्ख्या आठवड्याच्या गोळ्या भरलेल्या, आलं-लसूण वाटून ठेवलेलं. पहिले दोन दिवस मला काही बघावं लागायचं नाही."

मावशी म्हणाल्या, "ताई, मी कुठलं? रविवारी मी येतच नव्हते की. ते वहिनी करायच्या. शनिवारी रात्री आईंना झोपवलं की बसायच्या. एकदा तर एक वाजेपर्यंत चादरी पिळत होत्या, रात्रपाळीच्या बाईच सांगत होत्या."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर माझे शनिवार. शनिवारी मी इतकी पिचलेली असायचे की बादलीतले कपडे तसेच टाकून झोपायचे. उद्या वहिनी येईल, बघेल. गोळ्यांची डबी रिकामी, सिलिंडर संपत आलेला. माझ्यानंतर त्या जागेवर येणारीला मी काय ठेवत होते? आणि तिने दीड वर्षात त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, गोळीचा तेवढा टोला सोडला तर.

पुण्याला परत आल्यावर काही दिवस मला कशातच लक्ष घालवेना. मग चिरंजीवांनीच एका संध्याकाळी दुसरा कंट्रोलर हातात दिला. तेव्हा मी विशची बाकीची बाजू नीट शिकून घेतली. ती माहिती खरंच सुंदर आहे, म्हणून सांगते.

आधी नियम असा होता की विशने घेणाऱ्याच्या एकूण जीवाच्या निम्मं मिळायचं. २०१० साली 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' आले तेव्हा तो बदलला. तेव्हापासून देणाऱ्याच्या एकूण जीवाच्या निम्मं मिळतं. अलोमोमोला त्याच खेळात जन्माला आला. त्याचा जीव दांडगा. पन्नासाव्या पातळीला, एचपीच्या बाबतीत पूर्ण पोसलेला असेल तर २७२. म्हणजे त्याची विश १३६ ची. आमच्याकडे एक गेंगार आहे, जांभळा, भुतासारखा, मारायला जबर पण अंगाने तोळामासा. त्याचा सगळा जीव मिळून १३५. जुन्या नियमाने त्याला ६७ मिळाले असते. आता तो एक एचपी शिल्लक असताना आला आणि तगला, तर पूर्ण भरून उभा राहतो. उलट लहान जिवाच्या पोकेमॉनने थोराडासाठी विश मागितली तर त्याला खिजगणतीतही नसेल एवढंच मिळतं. मिळतं ते मागणाऱ्याच्या आवाक्याएवढंच.

अलोमोमोलाची आणखी एक खुबी म्हणजे फ्लिप टर्न. ही चाल खेळली की तो समोरच्याला एक फटका मारतो आणि त्याच दमात मागे फिरून दुसऱ्याला जागा देतो. इथे त्याचं मंद असणं कामी येतं. समोरचा चपळ असेल तर त्याचा वार आधी होतो, तो अलोमोमोला स्वतः खातो, मग टोला मारून निघून जातो, आणि येणारा बिनजखमेचा येतो. फेरी संपते, विश त्याला पोचते.

हे ऐकलं तेव्हा मला एकदम "रात्रीची गोळी विसरू नकोस हं" आठवलं आणि मी इतकी हसले की चिरंजीव घाबरले. मग रडलेही थोडी. त्याने गेम थांबवला.

(काही अलोमोमोलांच्या अंगी रीजनरेटर नावाचा गुणही असतो. मैदानातून बाहेर पडलं की त्यांचा एक तृतीयांश जीव आपोआप भरून येतो. वहिनीला मात्र कोल्हापूरला पोचल्या पोचल्या दोन वाजताची बॅच असायची. म्हणून ती चहाला थांबत नव्हती. हेही मला नंतर कळलं, आणि तेही तिच्या मुलाकडून.)

आणि शेवटची बारीक गोष्ट. विश फळते तेव्हा पडद्यावर एक ओळ येते, अमक्याची इच्छा पूर्ण झाली. त्यात नाव मागणाऱ्याचं असतं. तो तेव्हा मैदानात नसला तरी, कधीच बाद झाला असला तरी. कुणाकडून आलं ते खेळात लिहून येतं. सांगलीच्या घरात कुठे येणार अशी ओळ? मी आपली ते मावशींच्या नावावर जमा करत राहिले.

वहिनीला फोन करून हे सगळं बोलायचं ठरवलं होतं. दोनदा विषय काढला. पहिल्यांदा तिने आंब्याच्या रसाचं विचारलं. दुसऱ्यांदा मी दळणाचं नाव काढलं तर म्हणाली, "अगं, तू पाच तास गाडी चालवून यायचीस, लगेच गिरणीत कुठे जाणार होतीस? काहीतरीच तुझं." आणि लाइट गेलेत म्हणून फोन ठेवला. नकलेचं सांगायचं राहूनच गेलं. वहिनी हा ब्लॉग वाचते. दादा तिला लिंक पाठवतो, हे मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी आम्ही कोल्हापूरला निघालोय. चिरंजीव आणि त्याचा मामेभाऊ एरवी नेटवरून लढतात, यावेळी समोरासमोर बसायचं म्हणतायत. मामेभावाने एक विजेचा पोकेमॉन खास आमच्या माशासाठी तयार केलाय अशी बातमी आहे. चिरंजीव दोन दिवस त्याच विचारात आहेत. मी सुचवलं, पहिल्याच फेरीत विश मागून ठेव, मग पडला तर पडला.

"आणि मग कोणाला आणू?" त्याने विचारलं.

गेंगारला आण म्हटलं. पण तो तेव्हा ताजा असेल तर विश वायाच, असं त्याचं म्हणणं. त्यावर अजून आमचा वाद चालू आहे.