पंखाला कापड चढवताना

डिचोलीत माझ्या मित्राचं ट्रकांचं गॅरेज आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि गॅरेजही थंडावलं. त्या रिकाम्या शेडमध्ये आमच्या दोन आसनी विमानाचा डावा पंख दोन वर्षं लाकडी घोड्यांवर पडून होता. स्पारचा कणा, रिबांच्या फासळ्या, सगळा सांगाडा उघडा. गेल्या पौषात त्याला कापड चढवलं. पेडण्याहून रोज बसने जायचो, पिशवीत डबा आणि इस्त्री. कंडक्टरने एकदा विचारलंच, "काका, लाँड्री काढली काय?"

तरुणपणी एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये मी पुष्पक विमानाच्या पंखांवर सुती कापड चढवलं होतं. हे विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं. ते ज्यांच्या देखरेखीखाली बंगळुरूला घडलं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, हे मला फार उशिरा कळलं. त्या कापडाला ताण यायचा डोप नावाच्या द्रावणाने. त्याला पिकल्या केळ्यासारखा उग्र वास. दुपारपर्यंत डोकं जड. पावसाळ्यात तर दमट हवेने डोप पांढरा पडायचा, की खरवडा आणि पुन्हा लावा.

आताचं कापड पॉलिएस्टरचं, ते उष्णतेने आक्रसतं. आधी कडांना गोंदाने चिकटवायचं, थोडं सैल राहिलं तरी चालतं. मग इस्त्री. पहिला हात १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटचा १७५च्या. त्याच्या फार वर गेलात तर कापड ताण सोडतं, तो परत येत नाही. घरच्या इस्त्रीच्या चकतीवर सिल्क, कॉटन लिहिलेलं असतं, अंश नसतात. म्हणून थर्मामीटर लावून चकतीवर पेनाने खुणा केल्या.

एवढं करून चूक केलीच. वरची बाजू इतकी सुरेख ताणली जात होती की हात थांबेना. ती शेवटच्या आचेपर्यंत नेली. खालची अजून सैलच होती. सकाळी मित्राने मागच्या कडेला डोळा लावला आणि म्हणाला, "भाई, हें वांकडें जालां." कड धनुष्यासारखी वर उचलली होती. लहानपणी पेडण्यात दिवाळीला नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्यावर खळीने कागद डकवायचो, तेव्हा एकाच बाजूला ओला कागद लावला की वाळताना कामटी वाकायची. दहाव्या वर्षी माहीत असलेली गोष्ट साठीनंतर विसरलो. ब्लेडने सगळं कापड कापून काढलं. दुसऱ्या खेपेला वर एक हात, खाली एक हात, असं आलटून पालटून चढत गेलो. टिचकी मारली तेव्हा पंख घुमट वाद्यासारखा वाजला.

उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेची ओढ असते, ती कापड रिबेवरून उपटू पाहते. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक रिबेवर आधी फीत, मग अडीच इंचांवर एक टाका आणि प्रत्येक टाक्याला गाठ. फूटभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. मी वर, बायको खाली स्टुलावर. आयुष्यभर तिने शिलाई मशीन चालवलेलं, माझी काय पत्रास! तिसऱ्या रिबेला खालून आवाज आला, "गाठ सैल आहे, उसवा." उसवली. एका पंखाला आठ दिवस लागले, त्यातले दोन तरी माझ्या उसवण्यात गेले.

त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीचा रुपेरी थर दिला, कारण पॉलिएस्टरला ऊन खातं आणि गोव्यात उन्हाला तोटा नाही. खालच्या अंगाला, मागच्या कडेजवळ, पाणी निथळायला भोकं ठेवली.

जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटतात. आमची बस त्यांच्या आवाजाखालून जाते. आमचं कुठून आणि कधी उडणार, हे परवान्यांच्या फायलीत आहे. उजवा पंख अजून उघडाच आहे. मिरगाच्या आधी त्यालाही कापड चढवायचं आहे.