लिमा शहरांत चार दिवस

पेरू देशाची राजधानी लिमा हिच्याविषयीं सांगावयाची पहिली गोष्ट म्हणजे तेथें पाऊस पडत नाहीं. आमच्याकडील वाचकांस हें वाक्य अलंकारिक वाटेल. पण वर्षभराचें सगळें पाणी एकत्र केलें तरी तें बोटभर उंचीचेंही होत नाहीं. समुद्रांतील थंड प्रवाहामुळें हिवाळ्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणांत, ढग ओल्या घोंगडीसारखे शहरावर पसरतात आणि महिनेच्या महिने कांहीं न देतां तसेच राहतात. सकाळीं अंगावर जें भुरभुरतें त्यास तेथील लोक ‘गारुआ’ म्हणतात. कोंकणचा पाऊस पाहिलेल्या माणसास त्याला पाऊस म्हणवत नाहीं. परंतु आकाशाच्या ह्या कृपणपणामुळेंच मातीचीं देवळें तेथें दीड हजार वर्षें टिकलीं आहेत.

त्यांपैकीं एक ऐन वस्तींत आहे. मिराफ्लोरेस ह्या श्रीमंत भागांत, बंगले आणि उपाहारगृहें ह्यांच्या मध्यें, वाका पुक्याना नांवाची मातीच्या विटांची टेकडीएवढी वास्तु उभी आहे. इसवी सनाच्या सुमारें २०० ते ७०० ह्या काळांतील ही रचना. विटा आडव्या न ठेवतां उभ्या, मध्यें किंचित् फट ठेवून, फडताळांत पुस्तकें लावावीं तशा लावलेल्या आहेत. ह्याचें कारण सौंदर्य नव्हे. भूकंप झाला म्हणजे प्रत्येक वीट आपल्या जागीं थोडी हलते आणि भिंत मात्र पडत नाहीं. १७४६ च्या भूकंपांत स्पॅनिश लोकांनीं बांधलेलें लिमा जवळजवळ सगळें कोसळलें, हें ठाऊक असल्यावर त्या अनाम गवंड्यांपुढें हात जोडावेसे वाटतात. विसाव्या शतकांत घरें बांधण्यासाठीं ह्या वास्तूचा बराच भाग सपाट करण्यांत आला. पद्धतशीर उत्खनन १९८१ पासून सुरू झालें. जें हजार वर्षांच्या भूकंपांस जमलें नाहीं तें घरबांधणीच्या हव्यासानें पन्नास वर्षांत साधत आणलें होतें. अशी उदाहरणें आपल्याकडेंही कमी नाहींत, म्हणून अधिक बोलत नाहीं.

दुसरे दिवशीं आषाढी एकादशी होती. त्या दिवशीं पाचाकामाक येथें जाण्याचा योग यावा हें आमच्या कुटुंबास मोठें सूचक वाटलें. शहराच्या दक्षिणेस सुमारें तीस किलोमीटरांवर, समुद्राकांठच्या वाळवंटांत हें एका काळचें पंढरपूर आहे. देवाचा कौल घेण्यासाठीं येथें दूरदूरचे यात्रेकरू येत. इंकांनीं हा प्रदेश जिंकला तेव्हां त्यांनीं जुन्या देवास हात लावला नाहीं. शेजारीं आपल्या सूर्याचें मंदिर बांधलें. १५३३ सालीं एर्नांदो पिसारो सोन्याच्या आशेनें आला. गाभाऱ्यांत शिरून पाहतो तों अंधारी कोंदट खोली आणि तींत एक कोरलेला लांकडी खांब. त्यानें देवस्थान मोडून टाकलें. पुढें १९३८ सालीं येथें एक दुतोंडी लांकडी मूर्ति सांपडली. ती आतां तेथील संग्रहालयांत आहे. आमच्या कुटुंबानें पायांतल्या वहाणा काढल्या नाहींत, पण बराच वेळ ती कांचेसमोरून हालली नाहीं.

देव मोडला तरी नांव मोडलें नाहीं. पाचाकामाकहून येऊन लिम्यांत राहिलेल्या लोकांच्या वस्तीस पाचाकामिया म्हणत. तेथें सतराव्या शतकांत आफ्रिकेंतून आणलेल्या एका गुलामानें मातीच्या भिंतीवर ख्रिस्ताचें चित्र काढलें. १६५५ च्या भूकंपांत भोंवतालचें सारें पडलें, ती भिंत राहिली. आज दर ऑक्टोबरांत जांभळीं वस्त्रें नेसलेला अफाट जनसमुदाय त्याच चित्राची प्रतिकृति खांद्यावरून मिरवीत नेतो, आणि त्या ख्रिस्तास पाचाकामियाचा ख्रिस्त असेंही म्हणतात. जेत्यांचा धर्म, गुलामाचा हात आणि जितांच्या देवाचें नांव!

मध्यवर्ती चौक पिसारोचा. फ्रान्सिस्को पिसारोनें १८ जानेवारी १५३५ रोजीं हें शहर स्थापिलें आणि १५४१ सालीं येथेंच त्याच्या विरोधकांनीं त्यास ठार मारिलें. मुख्य चर्चमध्यें त्याची कबर आहे. १८९१ पासून एक वाळलेला देह पिसारोचा म्हणून कांचेच्या पेटींत दाखविला जात असे. १९७७ मध्यें तळघरांत शिशाची एक पेटी सांपडली, तींत खरें मस्तक निघालें. शेंपन्नास वर्षें जुलमी म्हणून ज्यास लोकांनीं मनांतल्या मनांत शिव्या दिल्या असतील तो बिचारा भलताच कोणी होता. त्याचा अश्वारूढ पुतळाही असाच भटका आहे. चौकाजवळून तो २००३ मध्यें हलविला गेला, आणि २०२५ मध्यें परत चौकाशेजारच्या सांता रोसा गल्लींत आणून बसविला. त्याच गल्लींत पिसारो येण्यापूर्वीं ह्या खोऱ्याचा जो नायक होता, त्या ताउलीचुस्कोच्या स्मरणार्थ १९८५ मध्यें एक ओबडधोबड शिळा उभारलेली आहे. आमचें मत विचाराल तर पुतळे हलविण्यांत फारसा अर्थ नाहीं. घोड्यावरच्या माणसास त्या शिळेकडे पाहत उभें राहूं द्यावें, ही शिक्षा त्यास पुरेशी आहे.

एकादशीच्या जेवणाची हकीकत राहिली. आम्ही उपासाच्या बाबतींत उदार आहों, तेव्हां आम्हीं सेविचे मागविलें. लिंबाच्या रसांत कच्चा मासा मुरवून त्यावर कांदा, तिखट मिरची, शेजारीं उकडलेलें रताळें आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. चव तोंडांत वीज खेळावी अशी. कुटुंबासमोर ‘काउसा’ आला : पिवळ्या बटाट्याचा मिरची-लिंबू घालून मळलेला गोळा, आंत आव्होकाडो. “अहो, ह्यांत मासा नाहीं ना?” अशी तीनदां खात्री करून तिनें घांस घेतला आणि थोड्या वेळानें म्हणाली, “हें तर आपलें उपासाचेंच!”

तें खरेंच होतें. बटाटा आंदीज पर्वतांतला. एकट्या पेरूंत त्याच्या तीन हजारांवर जाती आहेत. रताळें, शेंगदाणा, मिरची हीं सगळीं त्या खंडांतलीं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. राजगिऱ्याचा सख्खा भाऊ तेथें ‘किविचा’ नांवानें पिकतो. पोर्तुगीज गलबतांतून हा माल गोव्याकडे आला, बटाटा हा शब्दही त्यांचाच. आणि ज्या वस्तु ज्ञानेश्वरांच्या काळीं ह्या देशांत कोणी पाहिल्या नव्हत्या त्या आमच्या आजीच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत उपासाचे जिन्नस होऊन बसल्या. गव्हाला मज्जाव आणि बटाट्याला मुभा! कुटुंबास हें सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “मग हें देवस्थान आपल्या वाटेवरचेंच होतें म्हणायचें.”

शेवटचा दिवस आम्हीं लार्को संग्रहालयास दिला. राफाएल लार्को होयले ह्यांनीं १९२६ सालीं स्थापिलेल्या ह्या संग्रहाचें कोठारही पाहुण्यांस मोकळें आहे. जमिनीपासून छतापर्यंत मडक्यांच्या ओळीच्या ओळी. त्यांत उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांनीं घडविलेले मानवी चेहऱ्यांचे कुंभ आहेत. ह्या लोकांस लिपि नव्हती, त्यामुळें एकाही राजाचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. पण डोनान नांवाच्या अमेरिकन पंडितानें चाळिसांहून अधिक कुंभांवर एकच माणूस ओळखून काढला, वरच्या ओठावरील व्रणावरून : दहा वर्षांच्या पोरापासून पस्तिशीच्या पुरुषापर्यंत. अशा चेहऱ्यांपैकीं कांहीं दुसरीकडे गळ्यांत दोर बांधलेल्या बंदिवानाच्या रूपानें आढळतात. कुटुंब म्हणालें, “ह्याच्या आईनें हा ओठ किती वेळां धुतला असेल!” संग्रहालय बंद होण्याची वेळ झाली होती. पहारेकरी दोनदां येऊन गेला, तरी आम्ही दोघें त्या कपाटापुढून सावकाश, एकेक चेहरा पाहत चाललों होतों.