पडलेला फासा

न्यायालयात शिरस्तेदार म्हणून चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने उतारवयात राक्षसांच्या आणि जादूगारांच्या खेळात रमावे, हे बेळगावातील माझ्या समवयस्क मित्रांना अजून पटलेले नाही. संध्याकाळी फिरायला जाण्याऐवजी मी तीन मुलांसमोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून फासे टाकत बसतो, याची थट्टाही होते. त्याच आडोशामागे गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक लबाडी घडली आणि माझ्या तेरा वर्षांच्या नातीने ती पकडली.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि एकजण सूत्रधार होतो. 'पुढे नदी आहे, पूल मोडका आहे, काय करता?' असे सूत्रधाराने विचारायचे. काय करायचे ते खेळाडूने ठरवायचे. ते जमेल की नाही याची शंका असेल, तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. पात्राच्या अंगचे कसब फाशावरील आकड्यात मिळवायचे. बेरीज ठरलेल्या अंकापर्यंत पोहोचली तर जमले, नाहीतर फसले.

माझे आजोळ पेडण्याचे. तेथील जत्रांत पाहिलेल्या दशावताराची मला या खेळात आठवण झाली. दशावतारी नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. मात्र एक भेद आहे. दशावतारात राक्षस मरणार हे आम्हां मुलांना आधीच ठाऊक असे. या खेळात कोण मरणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसते, निदान नसावे.

कितपत नसावे, हाच खरा प्रश्न आहे आणि तो जुना आहे. या खेळाची एक मुळी प्रशियाच्या लष्करात सापडते. तेथील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धाच्या सरावखेळाचे नियम छापले. त्यात नकाशा होता, फासे होते, हानीची कोष्टके होती आणि पंचही होता. पुढे कोष्टकांचा जाच होऊ लागला, तेव्हा फेर्डी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने १८७६ साली सुचवले की, कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निकाल द्यावा. नियम मोठा की पंचाचा विवेक, हा वाद गायगॅक्सच्या जन्माच्याही कितीतरी आधीचा.

मी स्वभावाने अर्थातच कोष्टकांच्या बाजूचा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलाने ओला पंचा फेकून पहारेकऱ्याचा दिवा विझवायचे ठरवले आणि मी त्यासाठी कोणता नियम लागू होतो हे दहा मिनिटे पुस्तकात शोधत बसलो. धाकटा जांभया देऊ लागला. "आजोबा, पुस्तक राहू दे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा," नात म्हणाली. दिवा विझला असे मी जाहीर केले आणि मुलांनी एकच जल्लोष केला. त्या जल्लोषाची मला चटक लागली.

तिसऱ्या आठवड्यात तो प्रसंग घडला. नातीच्या पात्राचे नाव चंद्रिका. ही धनुर्धारी तिने दोन उन्हाळे जिवापाड जपली होती. गुहेच्या तोंडाशी चंद्रिका घायाळ होऊन उभी होती आणि राक्षसाने गदा उगारली. मी आडोशामागे फासा टाकला. वीस पडले. या खेळात हल्ल्याच्या फाशावर वीस पडले की घाव हमखास बसतो आणि इजेचे फासे दुप्पट टाकावे लागतात. मी नातीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणालो, "हुकला!"

माझ्या पाठीशी काचेचे कपाट आहे, हे मी विसरलो होतो.

रात्री अंथरूण घालताना ती म्हणाली, "आजोबा, वीस पडले होते. काचेत दिसलं मला." सूत्रधाराने आडोशामागे क्वचित असा फेरफार करावा, अशी मुभा २०१४ च्या आवृत्तीतील सूत्रधाराच्या पुस्तकातच दिली आहे, असे मी तिला सांगितले. ते खरेही आहे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग मागच्या आठवड्यात मी पूल ओलांडला, तोही तुम्हीच ओलांडून दिलात का?"

तो पूल तिने स्वतःच ओलांडला होता. पण हे सिद्ध करण्यासाठी माझ्यापाशी काही नव्हते. एका नोंदीत खाडाखोड आढळली की सगळी नोंदवही संशयास्पद ठरते, हे मी कनिष्ठ कारकुनांना आयुष्यभर सांगत आलो होतो. शकुनीने कपट केले ते हरवण्यासाठी आणि मी केले ते वाचवण्यासाठी, असे मनाला समजावून पाहिले. झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आडोसा काढून टाकला आणि मुलांना सारे सांगितले. "वीसच धरा," नात म्हणाली. चंद्रिका कोसळली. नियमाप्रमाणे आता प्रत्येक पाळीला एक फासा. दहा किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशे आधी मिळाली तर जीव वाचतो, तीन अपयशे आधी झाली तर मृत्यू. एक पडला तर ती दोन अपयशे धरायची. नातीने स्वतःच्या हाताने फासे टाकले. सात. चौदा. एक.

'पुन्हा टाक' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होते. नात उठून गॅलरीत गेली. बऱ्याच वेळाने परत आली आणि म्हणाली, "तिचं धनुष्य नावाड्याच्या मुलीला द्यायचं. चंद्रिकेने तिला नेम धरायला शिकवलं होतं." माझ्या टिपणात नावाडी होता, त्याला मुलगी नव्हती. पुढचे तीन दिवस आमची कथा त्या मुलीच्या मागे चालली. जादूगार आणि गुहा मागेच राहिल्या.

यावरून नियम मोठा आणि कथा लहान, असे मी म्हणत नाही. आजही मी नियम वाकवतो. पण फासा पडण्यापूर्वी आणि सर्वांसमोर. मुलांची युक्ती नामी असेल तर फासा मागतच नाही. पात्राचा मृत्यू मुलांना सोसवणार नसेल, तर 'आपल्या घरी पडलेले पात्र मरत नाही, कैद होते' असे आरंभीच ठरवता येते. तोही नियमच झाला. मात्र ज्याचा कोणताही निकाल स्वीकारण्याची आपली तयारी नाही, तो फासा टाकू नये. आणि टाकला तर जे पडेल ते वाचून दाखवावे. नातीला वाचवण्याच्या नादात मी तिची कथा तिच्या हातून काढून घेतली होती, हे मला त्या गॅलरीतल्या शांततेत उमगले.

सुट्टी संपली, नात बेंगळूरला गेली. जाताना तिने तो वीस पैलूंचा फासा माझ्या हातावर ठेवला. तो मी त्याच काचेच्या कपाटात ठेवला आहे. पुठ्ठ्याचा आडोसा माळ्यावर पडून आहे.